खुरावरचं कुंकू

लग्नसराई आणि माझ्या परीक्षा दरवर्षी एकदमच येतात. यंदा शेवटचं वर्ष आहे. झरीच्या आमच्या घरात पत्र्याखाली बसून मी भूगोलाच्या नोट्स वाचत असते. ऊन पत्र्यावरून भिंतीवर, भिंतीवरून माझ्या पाठीवर येतं आणि चारच्या सुमाराला गावात कुठेतरी बँड सुरू होतो. आधी ताशा, मग तो मोठा ढोल, जो कानांपेक्षा छातीत जास्त वाजतो. माझं बोट ओळीवर तसंच राहतं. पुढची ओळ वाचली तरी डोक्यात शिरत नाही. कॉलेजातल्या मैत्रिणी म्हणतात, लग्नाचं नाव काढलं की तुझं तोंड बदलतं. बदलत असेल. लग्नावर माझा काही राग नाही. माझा राग लग्नातल्या एका गोष्टीवर आहे, आणि ती सांगायला गेलं की लोकांना वाटतं, एवढंच?

म्हणून लिहिते आहे. नीट जमेल की नाही माहीत नाही. आमच्या घरात लिहिणारी मी पहिलीच. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सही येते, मायला तीही येत नाही. त्यांना राग आला तर ते मेंढरांवर ओरडतात किंवा जेवताना गप्प बसतात. मला तिसरी सोय मिळाली आहे.

दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा. गोविंददादाचं, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाचं लग्न ज्येष्ठात होतं. लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला जातो, त्याला आमच्याकडे परण्या म्हणतात. परण्याला घोडी लागते. ती नाचणारी असली तर उत्तमच. गोविंददादासाठी आणलेली घोडी पांढरी होती, तिचं नाव चांदणी. कपाळावर आरशांचं तोरण, पाठीवर लाल मखमली झूल, गुडघ्यांना घुंगरं. मी करवली होते. नवरदेव बसण्याआधी घरातल्या बायका घोडीला ओवाळतात, तिच्या पायांवर पाणी घालतात, चारी खुरांना हळदकुंकू लावतात आणि परातीतून भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि गूळ खाऊ घालतात. तो मान करवलीचा. चांदणीच्या चारी खुरांना मी माझ्या हातानं कुंकू लावलं.

खुराला कुंकू लावायचं तर खुराजवळ बसावं लागतं, वाकून, चेहरा अगदी जवळ नेऊन. मी तशी बसले होते. पुढच्या दोन्ही खुरांवर आडव्या वळ्या होत्या, एकाखाली एक, पाटीवर ओढल्यासारख्या. माझं बोट त्यांच्यावरून खडबडत गेलं. खूर गरम लागत होतं. मला वाटलं, ऊन आहे म्हणून. आणि ती सारखी पाय बदलत होती. एक उचलायची, टेकवायची, की दुसरा उचलायची.

"अगं, आत्तापास्नंच नाचायली बगा," माझी चुलती म्हणाली आणि सगळ्या बायका हसल्या. मीही हसले.

मग बँड सुरू झाला. घोडेवाला पुढे छडी घेऊन उभा राहिला आणि त्या तापलेल्या डांबरावर ती नाचली. मारुतीपर्यंत दोनशे पावलं असतील, पण नाचत जायला पाऊण तास लागला. मी मोबाईलवर सगळं शूटिंग केलं. ते तीन दिवस आमच्या सगळ्यांच्या स्टेटसला होतं.

संध्याकाळी ती टेम्पोत चढेना. चार माणसांनी ढकललं, घोडेवाल्यानं छडी मोडेपर्यंत मारलं. ती वेशीबाहेरच्या लिंबाखाली बसली ती बसलीच. त्याला दुसऱ्या गावी जायचं होतं, त्याच्याकडे दुसरी घोडी होती. जाताना अण्णांना म्हणाला, "तुमी जनावराची माणसं. हिचं काय ऱ्हायलं न्हाई आता. कुत्र्यांपास्नं तेवढं बगा." आणि झूल, तोरण, घुंगरं काढून घेऊन तो गेला. घुंगरं सोडताना मात्र त्यानं काळजी घेतली, एकही पडू दिलं नाही.

आमची साठेक मेंढरं आहेत. अण्णांचे आजोबा सगळं बिऱ्हाड एका तट्टावर लादून मेंढरांमागं फिरायचे, असं घरात सांगतात. त्यामुळे असेल किंवा अण्णांना कुणाचंच पडलेलं जनावर बघवत नाही म्हणून असेल, दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याची बैलगाडी आणून, फळ्या लावून, अर्धा गाव गोळा करून त्यांनी तिला घरी आणलं. सुरुवातीला चांदणीला वाचवायला सगळे तयार होते. हेही सांगायला हवं. आमचं गाव वाईट नाही. तेच तर मला इतके दिवस कळत नव्हतं.

पहिले आठ दिवस मायनं तिचं जे केलं ते तिनं आमच्या आजारपणातही कुणाचं केलं नसेल. रोज सकाळी भिजवलेली डाळ. दुपारी ज्वारी भरडून. संध्याकाळी भाकरीत गूळ कुस्करून. घरात गूळ संपला तर माय चहा बिनगोडाचा प्यायची, पण घोडीचा गूळ चुकू दिला नाही. "खाल्लं तर ताकद येईल, ताकद आली तर उठंल," ती म्हणायची. चांदणी खायची पण. मायची चाहूल लागली की पडल्या पडल्या फुरफुरायची, आणि मायचा चेहरा असा उजळायचा की मला वाटायचं, झालं, आता ही उठणार.

नवव्या दिवशी तिला मानही उचलवेना. तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. ते मोटारसायकलवरून आले, पुढच्या पायाच्या घोट्यामागे दोन बोटं दाबून बराच वेळ बसले, खूर दोन्ही हातांनी धरून पाहिलं आणि विचारलं, "खायला काय घालता?"

मायनं अभिमानानं सगळं सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, "मावशी, हे सगळं आजपासून बंद. दाणा बंद, गूळ बंद. माळावरचं वाळलेलं गवत द्यायचं, तेही तासभर पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून."

"डॉक्टरसाहेब, आजाऱ्याला उपाशी ठिवायचं व्हय?"

"तिच्या खुराला जे झालंय ते डाळीनंच झालंय, मावशी."

त्यांनी माझ्याकडे वळून समजावून सांगितलं, मी शिकलेली म्हणून. घोड्याला एकदम जास्त दाणा पडला की पोटात बिघडतं आणि ते उतरतं खुरात. खुराच्या आत हाड असतं, आणि ते खुराच्या भिंतीला जणू हजार बारीक बोटांनी धरलेलं असतं. ती बोटं सुजतात आणि सुटतात. मग घोड्याचं सगळं वजन त्या हाडाला खाली रेटतं. माणसाचं नख मुळापासून सुटलं आहे आणि त्याच नखावर त्याला उभं केलं आहे, असं समज, ते म्हणाले. मी त्यांना मोबाईलवरचं शूटिंग दाखवलं, का ते मलाच माहीत नाही. त्यांनी अर्ध्या मिनिटात ते थांबवलं. बँड सुरू होण्याआधीचा भाग होता, ती पाय बदलत होती तो. "इथंच तिचे पाय गेलेले होते," ते म्हणाले. "हे नाचणं नाही. तिला कुठलाच पाय टेकवत नाहीये."

डॉक्टर गेल्यावर माय चुलीपुढे जाऊन बसली. चूल पेटलेली नव्हती.

त्या दिवसापासून मी हिशेब लावते आहे की राग कुणावर धरायचा. घोडेवाल्यावर धरणं सोपं आहे, आणि तो मी धरलाच. त्यानं तिला मारलं, टाकलं. पण डाळ त्यानं घातली नव्हती. डाळ आम्ही घातली. दाट तिथीला ती दिवसात तीन परण्यांना जायची. प्रत्येक दारात एक परात, प्रत्येक करवलीच्या हातून पोटभर, आणि वर गूळ. कुणाच्याच हातून जास्त झालं नव्हतं. प्रत्येकीनं मान म्हणून, देवाचं म्हणून, तिचा आशीर्वाद लागावा म्हणून घातलं. आणि प्रत्येकीनं तिच्या खुराला हात लावला होता. इतक्या बायका एका जनावराच्या पायाशी वाकल्या आणि एकीनंही पायाकडे पाहिलं नाही. त्यात मी एक. शाळेत विज्ञान शिकलेली, नखाखाली टाचणी गेली तर किती दुखतं हे माहीत असलेली.

माझ्या रागाला जागाच सापडत नव्हती, म्हणून तो वाढत गेला. बसमध्ये कुणी धक्का दिला तरी मी भांडायचे.

मायचं दुःख वेगळं होतं. चांदणी अजूनही तिला पाहून फुरफुरायची. "मला बगून हाका मारती अन् मी मोकळ्या हातानं जाती," माय म्हणायची. शेवटी ती तिच्याकडे पाठ करून बसायला लागली. घमेल्यात गवत भिजवायची, पिळायची, पुढे सारायची, पण वळून बघायची नाही. एकदा मी म्हटलं, "माय, तुझी काय चूक, तुला माहीतच नव्हतं." ती म्हणाली, "तुला तरी माहीत होतं का? तू तर कॉलेजला जातीस." तिनं टोमणा मारला नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं.

महेबूबमामू नालबंद आहेत. आता बैलांचेच नाल ठोकतात, पण त्यांच्या वडिलांचा हात घोड्यांवर बसलेला होता. अण्णा त्यांना परभणीहून घेऊन आले. मामूंनी चांदणीच्या खुरातले खिळे एक एक काढले, नाल सुटे केले, आणि पुढच्या उजव्या खुराचा तळवा वाकड्या सुरीनं खरवडायला घेतला. एका जागी सुरी आत गेली आणि काळं पाणी उडालं. इतका घाण वास की अण्णासुद्धा मागे सरले. मामू सरले नाहीत.

"निकल गया," ते म्हणाले. "बेटा, हे खूर न्हाई, हे आता नुसतं टरफल हाय. नवं खूर वरनं येतं, केसाच्या काठापास्नं, खाली. जमिनीला टेकायला त्याला वरीस लागतं."

"म्हणजे होईल बरी?" मी विचारलं.

"होईल. पन एक बात ध्यानात ठेव. नवं खूर जमिनीला टेकेपत्तोर पाठीवर कुनी बसायचं न्हाई. लहान लेकरू बी न्हाई. आतलं हाड अजून लटकतंय. एकदा जरी खाली बसलं तर तळव्यातनं भाईर येईल. मंग मला बोलवू नको, खड्डा खोदनाऱ्याला बोलव."

म्हणजे वर्षभर. त्या एका वाक्यावर आमचं घर वर्षभर चाललं.

त्या वर्षातल्या गोष्टी माझ्या मनात ओळीनं नाहीत. ओढ्यातली वाळू डोक्यावरच्या घमेल्यांनी आणून आम्ही मेंढरांच्या वाड्याशेजारी हातभर जाड अंथरली, कारण मऊ वाळूत ती खुराची टोकं खाली आणि टाचा वर, अशी तिला हवी तशी उभी राहायची. पावसाळ्यात आमची काळी माती अशी चिकटते की चप्पल पायातून निघून जाते. त्या चार महिन्यांत ती वाळूच्या चौकोनाबाहेर आली नाही. मेंढरांची लोकर हल्ली कुणी विचारत नाही, कातरून झाली की पोत्यात कुजते. अण्णांनी तीच लोकर धुऊन, दाबून, जुन्या ट्यूबच्या तुकड्यात भरून तिच्या खुरांना बांधली. दर चार दिवसांनी नवी लोकर. जुनी काढली की तिला तिच्या खुराचा आकार आलेला असायचा आणि अण्णा ती उन्हात धरून बघायचे, कुठे जास्त दबली आहे, भार कुठे पडतो आहे. मेंढरांची खुरं ते सुरीनं तासतात, तसंच दर तीन आठवड्यांनी तिचंही नखभर तासायचे. जास्त नाही. मामूंनी दाखवलं होतं तेवढंच.

माझ्याकडे कंपासपेटीतली पट्टी होती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी नव्या खुराची लांबी मोजायचे आणि भूगोलाच्या वहीच्या मागे लिहायचे. नवं खूर ओळखायला सोपं होतं. ते गुळगुळीत होतं. त्याच्याखाली त्या वळ्या, जशा होत्या तशा, हळूहळू खाली सरकत होत्या. महिन्याला बोटाच्या अर्ध्या पेराएवढंही नाही. पोळ्याला एक बोट झालं नव्हतं. दिवाळीत ती अण्णांच्या मागे वाळूच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालली, चालायचं नाव काढलं तरी अंग चोरणारं जनावर, आणि अण्णांनी त्या दिवशी दोनदा आंघोळ केली. आनंद झाला की ते काय करावं ते न सुचून आंघोळ करतात.

दिवाळीनंतर घोडेवाला येऊन गेला. तुळशीची लग्नं लागली होती, त्याला घोडी कमी पडत होती. त्यानं लोकरीच्या गाद्या बघितल्या आणि हसला. "हिला चपला शिवल्या का काय, पाटील?" आम्ही पाटील नाही, हे त्यालाही माहीत होतं. नवं खूर अजून निम्म्यावरही नव्हतं. त्यानं ते पाहिलं, थुंकला आणि म्हणाला, "ठिवा तुमच्याकडंच. चारा घाला जन्मभर." मला वाटलं, संपलं. आता कुणी मागायला येणार नाही.

आलं ते घरातूनच.

तात्या अण्णांचे थोरले भाऊ, गोविंददादाचे वडील. घरातली सगळी लहानमोठी माणसं त्यांना तात्याच म्हणतात. त्यांच्याबद्दल वाईट लिहिताना माझा हात जड होतो. बारावीनंतर अण्णा मला घरी बसवायला निघाले होते, तेव्हा तात्या आमच्या ओट्यावर दोन तास अण्णांशी भांडले होते. "मेंढरामागं अजून किती पिढ्या घालायच्या तुला?" असं ओरडले होते. कॉलेजचा फॉर्म त्यांनी स्वतः आणला, आणि पहिल्या दिवशी मला बसमध्ये बसवून खिडकीखाली उभे राहिले, बस हलेपर्यंत. मी आज हे लिहिते आहे ते त्यांच्यामुळे.

गेल्या वर्षी फाल्गुनात त्यांच्या धाकट्याचं, बालाजीदादाचं लग्न ठरलं. तात्या आले, अण्णांच्या डोक्यावर स्वतःच्या हातानं मानाचा फेटा बांधून बघितला, पाण्याचा तांब्या घेतला आणि चांदणीकडे बघत म्हणाले, "लय चांगली केलीस रं. पांढरीशुभ्र दिसायली. आता भाड्याची घोडी कशाला? घरचीच हाय की."

अण्णा म्हणाले, "अजून खूर टेकलं न्हाई तात्या तिचं."

"मी कुठं तिला जिंतूरला न्यायलोय? मारुतीपत्तोर तर जायचं. दोनशे पावलं. नाचवायची न्हाई, काय न्हाई. पोरगं बसंल, उतरंल."

"बगू," अण्णा म्हणाले.

आमच्या घरात थोरल्या माणसाला "बगू" म्हटलं की त्याचा अर्थ हो असतो. तात्यांना कळलं, मला कळलं, मायला कळलं. माय घमेल्यातलं गवत पिळतच राहिली.

मी कॉलेजात वाद घालायला शिकले होते. वर्गात हात वर करून बोलते. पण तात्यांपुढे माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. ते गेल्यावर मात्र मी सगळं अण्णांवर काढलं. नवं खूर अजून बोटभर कमी आहे. मामू काय म्हणाले होते आठवतं का? हाड बाहेर येईल. दहा महिने लोकर कशासाठी बांधली?

"तात्याला न्हाई कसं म्हनू?" अण्णा म्हणाले. "त्यानं तुझ्यासाठी..."

"माझ्यासाठी केलं ते मी फेडीन. ती कामून फेडंल?"

अण्णांनी पडलेली दोरी उचलून गुंडाळायला घेतली.

"मग त्या घोडेवाल्यात अन् तुमच्यात फरक काय ऱ्हायला? त्याला तरी ती परकी होती. तुमी तर तिची खुरं उन्हात धरून बगितली."

अण्णा उठले आणि मेंढरांना पाणी दाखवायला गेले. लग्नाला चार दिवस होते. चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत आणि मी त्यांच्याशी.

मला सगळ्यात जास्त कशाचा संताप यायचा, सांगते. वाईट माणसांपासून जनावर वाचवता येतं. त्यांना शिव्या देता येतात, गाव तुमच्या बाजूनं उभं राहतं. पण जे प्रेमानं मागतात, हौसेनं मागतात, "चारच पावलं" म्हणतात, त्यांच्यापासून कसं वाचवायचं? त्यांच्यापुढे नाही म्हणणारा माणूसच वाईट ठरतो. चांदणी घोडेवाल्याच्या छडीनं अर्धी मेली होती. उरलेली अर्धी आमच्या मानपानानं मरणार होती, आणि त्यावर कुणी रडणारही नव्हतं, कारण सगळे जेवायला बसलेले असणार होते.

लग्नाच्या दिवशी सकाळी वाळूचा चौकोन रिकामा होता.

माय लग्नघरी पुऱ्या लाटायला गेली होती. मेंढरं वाड्यातच होती, सोडलेली नव्हती. खुंट्याला दोरी नव्हती. मला आधी वाटलं, अण्णांनी तिला सकाळीच तात्यांच्या दारात नेऊन बांधली, मला तमाशा करता येऊ नये म्हणून. मी उंबऱ्यातच बसले.

दुपारी तात्या आले. नवं धोतर, गुलाबी फेटा, खांद्यावर लाल मखमली झूल. झूल त्यांनी मुद्दाम शिवून घेतली होती.

"पूजा, घोडी कुठाय? अन् तुझा बाप?"

तेव्हा मला कळलं. एकाच क्षणात सगळं कळलं, आणि मी उभी राहिले.

"अण्णा यायचे न्हाईत, तात्या. घोडी बी यायची न्हाई."

"म्हंजे?"

"मीच सांगितलं त्यांना."

ते खरं होतंही आणि नव्हतंही. तात्या माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं ओरडतील. ते हळूच म्हणाले, "पुजे, सगळे पावणे जमलेत. बँडवाला उभा हाय."

"तिचं खूर टेकलं न्हाई अजून."

"एका जनावरापायी तुझा बाप पुतन्याच्या लग्नाला येत न्हाई?"

मी उंबऱ्यातून हलले नाही. बोलले असते तर रडले असते.

"कॉलेजला घातलं तुला," तात्या म्हणाले, "मीच घातलं." आणि वळले. चालताना झूल खांद्यावरून घसरली, ती त्यांनी सावरली नाही, एक टोक मातीत ओढत गेलं. त्यानंतर आजपर्यंत तात्या आमच्या ओट्यावर आलेले नाहीत. बालाजीदादा मोटारसायकलवर बसून मारुतीला गेला, असं नंतर कळलं.

मी मागच्या वाटेनं माळाकडे पळाले. गायरानाच्या टोकाला, जिथून गावाची फक्त पाण्याची टाकी दिसते, तिथे एका बाभळीखाली अण्णा बसले होते. नवं धोतर, नवा सदरा, आणि डोक्यावर तात्यांनी दिलेला मानाचा फेटा, आरशात बघून बांधल्यासारखा नीट. लग्नाला जायची सगळी तयारी करून ते तिथे येऊन बसले होते. चांदणी शेजारी उभी होती, पायांत लोकरीच्या गाद्या. इथवर यायला त्यांना किती वेळ लागला असेल, पहाटे किती वाजता निघाले असतील, मी विचारलं नाही.

"आला होता का तात्या?" त्यांनी विचारलं.

"आले होते."

"काय म्हनला?"

"काय न्हाई."

अण्णांनी मान हलवली. त्यांना माहीत होतं तात्या काय म्हणाले असतील. त्यांचे सख्खे भाऊ, आणि मंडपात काका म्हणून उभं राहायची जागा रिकामी. मी त्यांच्याशेजारी बसले. चार दिवसांनी आम्ही बोललो होतो.

तेवढ्यात गावात बँड सुरू झाला.

एवढ्या लांबून ताशा ऐकू येत नव्हता, फक्त तो मोठा ढोल. चांदणीचे कान ताठ झाले. मग तिनं मान वळवून कमान केली. मग पुढचा डावा पाय उचलला, उंच, गुडघ्यात दुमडून, आणि आपटला. मग उजवा. मग डावा.

"हे काय करायली ही?" अण्णा म्हणाले.

मला माहीत होतं. मी ते शूटिंग कितीतरी वेळा पाहिलं होतं. पाठीवर नवरदेव नव्हता, पुढे छडी घेऊन कुणी नव्हतं, मखमल नव्हती, घुंगरं नव्हती. तिला इतकं मारून शिकवलं होतं की ढोल ऐकला की ती स्वतःच स्वतःला नाचवत होती, त्या अर्धवट खुरांवर, बोटभर कमी असलेल्या त्या खुरांवर, आपटून आपटून. आम्ही तिला घोडेवाल्यापासून वाचवलं होतं, तात्यांपासून लपवलं होतं. याच्यापासून कुठे नेणार होतो?

"अण्णा, नाचायली ती," मी ओरडले. "धरा तिला."

अण्णा उठले. त्यांनी डोक्यावरचा फेटा एका झटक्यात सोडला आणि तो सगळा, लांबच्या लांब, तिच्या डोक्याला, कानांना गुंडाळायला लागले, एक वेढा, दुसरा वेढा, जखमेला बांधतात तसा घट्ट. मग तिच्या खांद्याला स्वतःचा खांदा लावून त्यांनी सगळं अंग टेकवलं. मी दुसऱ्या बाजूनं मानेला मिठी मारली. तिच्या कातडीखाली ढोल वाजत होता. पाय आता उंच उठत नव्हते, पण थांबतही नव्हते, नुसते जागच्या जागी थरथरत वर होत होते.

अण्णांचा कान तिच्या मानेला दाबला गेला होता, स्वतःच्या दुसऱ्या कानावर त्यांनी हात धरला होता. त्यांना काही ऐकू येत नव्हतं.

"पूजा, थांबला का गं?"

"न्हाई अण्णा," मी म्हटलं. "अजून वाजायलाय."